मरण्यात हातखंडा

माझे भाऊजी सिनेमात मरायचे. हाच त्यांचा धंदा. नायकाने गोळी झाडली की कोणीतरी जिन्यावरून गडगडत खाली यावं लागतं, ते कोणीतरी म्हणजे आमचे भाऊजी. दाढी दाट, भुवया जाड, त्यामुळे बहुतेक वेळा ते अतिरेकी असायचे. स्टुडिओत सगळे त्यांना 'मुडदा' म्हणत आणि हाक मारली की ते आनंदाने ओ देत. माझ्या ताईला हे नाव अजिबात खपत नसे. मला विचाराल तर तिचंच बरोबर होतं, पण त्या घरात माझं ऐकतंय कोण?

मरण्यात मात्र त्यांचा हातखंडा होता. पडताना डावा हात पोटाखाली घ्यायचा, म्हणजे श्वास दिसत नाही. डोळे अर्धवट उघडे ठेवायचे आणि दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत मुंगी चावली तरी हलायचं नाही. भाचा लहान होता तेव्हा हा प्रयोग रोज संध्याकाळी घरीही व्हायचा. भाऊजी कामावरून आले की पोरगं बोटांची बंदूक करून "ठो!" म्हणायचं, की हे दारातच आडवे. मग त्याने बापाच्या डाव्या पायातली चप्पल काढायची आणि तळव्याला गुदगुल्या करायच्या, की मुडदा जिवंत! भाजीची पिशवी घेऊन आलेली ताई दोघांना ओलांडून आत जायची.

तेच पोरगं मोठं झालं आणि संघटनेत गेलं. ही संघटना सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत भरायची. आपली माणसं धोक्यात आहेत एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोणापासून, ते दर आठवड्याला बदलायचं. मूठभर पोरं, पण सगळेच प्रमुख. एक सरप्रमुख, बाकीचे विभागप्रमुख, आणि भाचा उपप्रमुख, कारण तो सगळ्यांत उशिरा आला. हुकूम पाळायला कोणी शिल्लकच नव्हतं. मी हसायचो. भाऊजी हसत नसत. पोरगं घरात बोलेनासं झालं, जेवताना बापाच्या तोंडाकडे बघेना, तेव्हा ते माझ्याकडे आले.

"त्याला एकदा हसवायचंय रे," ते मला म्हणाले. "पूर्वीसारखा हसला ना, की सुटेल त्यातून."

मला राग आला. गुदगुल्या करून सुटणारं प्रकरण नव्हतं ते, आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं.

अशात त्यांना एक विनोदी सिनेमा मिळाला. एक टोळी पूल उडवायला निघते आणि पुढारी कोण या भांडणातच तिचा दिवस जातो, अशी गोष्ट. भाऊजींच्या वाट्याला आयुष्यातलं पहिलं वाक्य आलं. बाँब तयार आहे पण बॅटरीचे सेल आणायचे राहिलेत, म्हणून हा माणूस अंगावर बाँब बांधून दुकानात जातो आणि विचारतो, "सेल सुटे मिळतील का हो?" तेवढं एकच वाक्य. न्हाणीघरात ते घोकून घोकून त्यांनी ताईचं डोकं उठवलं. पोरासाठी पहिल्या दिवसाचं तिकीट काढून त्याच्या उशीखाली ठेवलं. त्याने ते फाडलं नाही, नुसतं उचलून टेबलावर आणून ठेवलं.

संघटनेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. सिनेमात आपल्या लोकांची टिंगल केलीय म्हणे. पाहिला कोणीच नव्हता, कारण पाहायला सरप्रमुखाची बंदी होती.

मी त्याच थिएटरात दारावर तिकिटं फाडतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. दुपारचा खेळ होता. आत ताई आणि भाऊजी बसले होते, गर्दी बरी होती, दारातून हशा ऐकू येत होता. तेवढ्यात तोंडाला रुमाल बांधलेली पोरं पायऱ्या चढून आली. दोघांच्या हातात रॉकेलच्या बाटल्या. दारावर, पायपुसण्यावर, माझ्या बुटांवर रॉकेल ओतून झालं, घोषणा देऊन झाल्या, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत राहिले. संघटनेत विडी-सिगारेटला सक्त मनाई, त्यामुळे काडेपेटी कोणाकडेच नव्हती. शेवटी त्यातला एक जण माझ्यापुढे आला.

"मामा, काडेपेटी आहे?"

आवाज भाच्याचा होता. "लाज नाही वाटत? आत तुझी आई बसलीय!" मी ओरडलो.

तो सरप्रमुखाकडे बघायला लागला. त्याचा मला आजही संताप येतो. आई आत आहे म्हटल्यावर माणूस आधी दुसऱ्या कोणाकडे बघतो?

सरप्रमुखाने एकाला समोरच्या चहाच्या टपरीवर पिटाळलं. तो काडेपेटी घेऊन आला, तोवर माझं ओरडणं ऐकून भाऊजीही बाहेर आले होते. त्यांनी रॉकेल पाहिलं, त्या एका रुमालावरचे डोळे पाहिले आणि सरळ जाऊन सरप्रमुखाचा हात धरला. झटापटीत त्याने ढकललं. फार जोरात नाही. मी बघत होतो ना. पण भाऊजी कठड्यावर आपटले, पायऱ्यांवरून गडगडत गेले आणि खाली पालथे पडले. डावा हात पोटाखाली.

"मेला रे!" कोणीतरी किंचाळलं.

रोज रक्ताच्या शपथा घेणाऱ्या त्या पोरांनी मेलेला माणूस कधी पाहिलाच नव्हता. काडेपेटी टाकून सगळ्यांत आधी सरप्रमुखाने धूम ठोकली, त्याच्यामागे बाकीचे प्रमुख. भाचा तेवढा थांबला. रुमाल गळ्यात घसरलेला, तोंड पांढरंफटक, बापाच्या पायाशी उभा. मला वाटलं, आता ओळखेल. हे मरण त्याच्याइतकं कोणी पाहिलंय? मग रस्त्यावरून हाक आली आणि तोही पळाला.

आत पुन्हा हशा पिकला. भाऊजींचं वाक्य आलं असावं.

मी खाली जाऊन त्यांच्याजवळ बसलो. "उठा भाऊजी. गेले सगळे."

"तो?"

"तोही गेला."

ते उठले नाहीत. डोळे तसेच अर्धवट उघडे. तेव्हा कुठे माझं त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायातली अंगठ्याने ढकलून काढलेली होती आणि उघडा तळवा रस्त्याच्या बाजूला केलेला होता.

मला रडू आलं आणि त्या पोराचा संतापही आला. काय करावं सुचेना, म्हणून मी त्यांच्या तळव्याला बोट लावलं.

पाय जरासुद्धा हलला नाही.

"तू नको," भाऊजी म्हणाले.