फुलोमैनाचं ताट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे, हे आधीच सांगून टाकते. वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत सात वर्षं क्वालिटी चेकिंग केलंय मी. माप दाखवा, नाहीतर माल परत... हीच सवय. कुणी "आमच्या मावशीला दिसलं होतं" म्हणालं की मी आधी मावशीच्या चष्म्याचा नंबर विचारते. तर आता तुम्ही माझ्यावर हसा, चालेल.

आमचं घर ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोच्या मागे. आम्ही ख्रिश्चन, पिढ्यानपिढ्या इथलेच. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ नेल्सन. माझं नाव फिलोमिना. मी कॉलेजात असताना आईने माझ्या लग्नासाठी म्हणून एक स्टीलचं ताट घेतलं आणि दुकानातच त्यावर नाव घालायला दिलं. त्या माणसाने मशीन टर्रटर्र चालवत ठिपक्याठिपक्यांनी काय कोरलं माहितीये? 'फुलोमैना'! मी भडकले. आई मात्र पोट धरून हसत बसली. तेव्हापासून मी तिच्यासाठी मैना. पण फक्त घरात हां, बाहेर कुणी म्हटलेलं मला खपायचं नाही.

लग्न काही झालं नाही, पण ताट कामाला लागलं. दर नाताळला त्यातून वरच्या मजल्यावरच्या सुलभाकाकूंकडे फुगे जायचे. फुगे म्हणजे मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं पीठ फुगवायचं, मुठीतून पिळून गोळे सोडायचे आणि तळायचे. काकू ताट परत देताना त्यात मूठभर साखर घालून द्यायच्या. दिवाळीला त्यांच्या फराळाचं ताट आलं की आईही तेच करायची. "रिकामं परत द्यायचं नाय गो मैना," हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी आयर्लंडला आले. छोटं गाव, एका रांगेत सारखी घरं. पहिल्या नाताळला आई फोनवर म्हणाली, "ये ना गो." मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. तर म्हणाली, "बरं. पण शेजारी कुणी का असेना, ताट पाठव." मी कसली पाठवतेय! तयार केक आणून खाल्ला आणि झोपले.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. माझं वर्क परमिट तेव्हा रिन्यूला गेलेलं. देश सोडला असता तर नोकरी जाण्याची भीती होती. मी नाही गेले. नोकरी निवडली मी, दुसरं काय... आईला माती देताना मोबाईलवर बघितलं. त्या संध्याकाळी नेल्सन म्हणाला, "शेवटी शेवटी आईने तुझं नावसुद्धा नाही घेतलं, फिलो." बस्स. त्यानंतर आमचं बोलणंच बंद झालं. आई माझ्यावर रागावून गेली, हे मनात रुतून बसलं.

मग आला गेल्या वर्षीचा नाताळ. सकाळी चर्चमधल्या मिसाहून आले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, फुगे करायला घेतले. आकार बिघडले, पण चव जमली. एका साध्या पांढऱ्या ताटलीत काढून शेजारच्या डेनिसना देऊन आले. डेनिस म्हणजे पंचाहत्तरीचे, एकटे, ओळख फक्त 'गुड मॉर्निंग'पुरती. तासाभराने, भर दुपारी बारा वाजता, बेल वाजली. दारात डेनिस, हातात माझी ताटली. आणि ताटलीत मूठभर साखर. नुसती ओतलेली नाही हो! मुठीने दाबून ठेवलेली, वर बोटांचे खळगे दिसत होते.

मी विचारलं, "हे काय?"

"तुमच्या पाहुण्या बाईंनी दिली ना," ते म्हणाले. "मी ताटली धुऊन निघालो, तर माझ्या दारात उभ्या होत्या. ताटली मागितली, साखर घातली आणि परत माझ्याच हातात दिली. मला डायबिटीस आहे, माझ्या घरात साखर नसते. त्यांनीच आणलेली. त्यांना एखादा कोट द्या बाई! एवढ्या थंडीत नुसता फुलाफुलांचा गाऊन आणि खांद्यावर टॉवेल..."

गाऊनवर टॉवेल टाकून घरात आई वावरायची. घरी मी एकटी होते.

"काही बोलल्या?"

"इंग्रजी कमी येतं वाटतं. 'नो एम्प्टी, नो एम्प्टी' म्हणत होत्या. आणि म्हणाल्या, 'फॉर मैना'. ही मैना कोण?"

त्या गावात मला सगळे फिलो म्हणतात. आईचा फोटोसुद्धा मी भिंतीवर लावलेला नव्हता. हिंमतच नव्हती झाली.

डेनिस गेल्यावर पाच महिन्यांत पहिल्यांदा नेल्सनला फोन लावला. ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. त्याला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "माझं ताट कुठाय रे?"

"माळ्यावर. आई गेल्यावर पिशवीत बांधून ठेवलंय. का?"

"काढून बघ."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग पिशवी खसखसली.

"फिलो... गाठ मी मारलेली तशीच आहे गं. पण आत ताटाला मुंग्या लागल्यात. साखरेचे दाणे आहेत ताटात."

आणि मग हा माझा तिरसट भाऊ फोनवर ढसाढसा रडायला लागला. "मी खोटं बोललो तुझ्याशी. आईने नाव घेतलं होतं. चारही दिवस मैना, मैना करत होती. मी उशाशी बसलेलो, औषधं मी देत होतो, आणि तिच्या तोंडी तू! डोकं फिरलं माझं. सॉरी गं."

मी त्याला रागावले नाही. रागवायला अंगात जोरच उरला नव्हता. दोघं नुसते रडत बसलो, तो तिथे, मी इथे.

नंतर सगळं तपासून झालं. डेनिसना आईचा फोटो दाखवला. ते लगेच म्हणाले, "हो, ह्याच. सुखरूप पोचल्या ना घरी?" रांगेत दुसरं कुणी भारतीय राहत नाही. माझ्या घरातली साखर ब्राउन, ताटलीतली पांढरी, जाड दाण्याची, आपल्याकडच्या वाण्याकडे मिळते तसली. आणि खोपटच्या माळ्यावर, गाठ मारलेल्या पिशवीत दाणे कुठून आले, हे नेल्सनलाही सांगता येत नाही.

ताटलीतली साखर मी बरणीत ठेवलीय. नेल्सनशी आता रोज बोलते. या नाताळला तिकीट काढलंय ठाण्याचं, नोकरीचं व्हायचं ते होवो. ताट तो मला पाठवणार नाही म्हणतो, स्वतः येऊन घेऊन जा म्हणतो. बरणी घेऊनच जाणार आहे. माळ्यावरचं ते ताट रिकामं ठेवायचं नाही.