गेटवरचं क्लॅरिनेट

चाकणच्या आमच्या कंपनीचे मालक जर्मन. तिकडच्या मूळ कारखान्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा आहे, हे ऐकून आम्हाला आधी हसूच आलं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीच्या मांडवातली फिल्मी गाणी. हा तसला नव्हता. आजोबा-पणजोबांच्या काळात तिथल्या कामगारांनीच उभा केलेला. दिवसा लेथवर, संध्याकाळी व्हायोलिनवर. युद्धात हॉल पडला, तर यांनी कोळशाच्या गोदामात तालीम केली म्हणे. म्हातारा वादक निवृत्त झाला की त्याचे स्वरांचे कागद, पेन्सिलीच्या खुणांसकट, पुढच्याला मिळतात. आणि ते जिथे जातील तिथल्या कारखान्यातला एक कामगार एका रचनेपुरता त्यांच्यात बसून वाजवतो. ही त्यांची जुनी रीत.

तो ऑर्केस्ट्रा आता आमच्याकडे येणार होता. हे सगळं एचआरच्या मॅडमनी कॅन्टीनमध्ये वाचून दाखवलं आणि विचारलं, "आपल्याकडे कोणी वाजवतं का?" मी हात वर केला. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

माझे वडील जालन्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बारावीपर्यंत मीही लाल कोट घालून त्यांच्या मागे वरातीत फिरलो. लोक नाचायचे, भांडायचे, ऐकत कोणीच नव्हतं. जेवायला आम्हाला मांडवामागे बसवायचे, सगळ्यांचं झाल्यावर. त्या जेवणाचा वीट आला म्हणून मी चाकण गाठलं. नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे, पण हात वर करेपर्यंत वडील काय करायचे हे लाइनवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते गेले, त्यांचं वाद्य माझ्याकडे राहिलं. एकदा तरी लोकांनी गप्प बसून ते ऐकावं, एवढीच माझी हौस होती.

माझं नाव तिकडे गेलं आणि जर्मनीहून मी वाजवायच्या रचनेचं रेकॉर्डिंग आलं. त्यांची स्वरलिपी मला वाचता येत नाही, म्हणून सगळं कानानेच बसवलं. दोन महिने लागले. खोलीवर वाजवलं की घरमालक शिव्या घालायचा, मग शिफ्ट सुटल्यावर एमआयडीसीच्या मागच्या माळावर जायचो. ओठ सुजायचे. लाइनवरचे चिडवायचे, "काय बँडवाले, वरात कधी काढताय राव?" मी हसायचो. मला खरंच आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

कार्यक्रमाच्या सकाळी मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "थोडा बदल झालाय. स्टेजवर कॉन्ट्रॅक्टचा माणूस म्हटलं की वरून प्रश्न येतात. तुम्ही गेटवर स्वागताला वाजवा ना, लग्नातलं काहीतरी. त्यांना तेच जास्त आवडेल." आणि भाड्याने आणलेला लाल कोट पुढे केला. तळपायाची आग मस्तकात गेली. कोट त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. फेकला नाही, घातला. कॉन्ट्रॅक्ट पुढच्याच महिन्यात संपत होतं.

ऑर्केस्ट्राची बस आली. मी वाजवलं. पाहुण्यांनी मोबाईल काढले. पिकल्या मिशांचा एक जण थांबून माझ्या बोटांकडे बघत राहिला, पण त्याला घाईने आत नेलं.

मग मी आवारात कार्यक्रमासाठी घातलेल्या मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. स्टेजवर एकाने एक सूर धरला आणि बाकी सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवून घेतली. तीन-चार रचना झाल्या. माझी रचना यायच्या आधी तो मिशीवाला क्लॅरिनेट घेऊन उठला, काहीतरी बोलला. दुभाष्याने मराठीत सांगितलं, "इथला आमचा जोडीदार शिफ्टमुळे येऊ शकला नाही, असं आम्हाला कळलं. आमच्या रिवाजाप्रमाणे त्याची खुर्ची आम्ही ठेवली आहे." त्याच्या शेजारी खरंच एक खुर्ची होती. समोर कागद लावलेले. पहिल्या रांगेत मॅडम मान डोलवत होत्या.

वीस पावलं असतील. वाद्य हातात होतं, रचना तोंडपाठ होती. सगळा मांडव चिडीचूप बसला होता. वडिलांना आयुष्यात असा मांडव मिळाला नाही. मी जागचा हललो नाही. तो एकटाच वाजवत गेला, माझ्या जागा मोकळ्या सोडत. रचना संपली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. हात मोकळे हवेत म्हणून वडिलांचं क्लॅरिनेट काखेत दाबून धरलं.