थांबासिस्टरची पाच मिनिटं

अतिदक्षता विभागात तिला सगळे थांबासिस्टर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. गंभीर पेशंट दुसऱ्या इस्पितळात हलवायचा असला की नळ्या चिकटवणं, बॅटऱ्या तपासणं, ऑक्सिजनचा जादा सिलिंडर घेणं, सगळं तीच करायची. आणि ट्रॉली निघाली की आडवी उभी राहायची. "थांबा. प्रवासाच्या व्हेंटिलेटरवर पाच मिनिटं इथेच काढायची. काय बिघडायचं ते इथे बिघडू दे, लिफ्टमध्ये नको."

हा नियम तिच्या हुशारीतून आला, असं नव्या नर्सना वाटे. खरं तर तो स्वतःच्या विसरभोळेपणाच्या धास्तीतून आला होता. घरी ही बाई चावी आत ठेवून दार ओढून घ्यायची. दूध तर रोज उतू. सासूबाई म्हणत, "हिच्या हाताखाली माणसं जगतात कशी?" तिलाही तोच प्रश्न पडायचा.

मग न्यूमोनियाने सासूबाईच तिच्या विभागात आल्या, व्हेंटिलेटरवर. मोठ्या इस्पितळात बेड मिळाला. डॉक्टर म्हणाले, "घरचं माणूस आहे, तयारी दुसरं कोणी करेल." पण ऐकेल तर ती सून कसली. तिने सिलिंडर उघडला, काटा भरलेला दिसला, वाया नको म्हणून बंद केला. भिंतीतल्या ऑक्सिजनची नळी काढून सिलिंडरला जोडली आणि म्हणाली, "चला."

"थांबा," वॉर्डातले मामा म्हणाले. ट्रॉली त्यांनी धरूनच ठेवली.

"मामा, आज नको. उशीर होतोय."

"वीस वर्षं आम्हाला उभं केलंत, सिस्टर. आज तुम्ही राहा."

मिनिटभरातच काटा घसरला आणि मशीन कोकलायला लागलं. सिलिंडर बंदच होता. बंद झडपेपुढे अडकलेल्या ऑक्सिजनवर काटा भरल्याचं सोंग करत होता. तिने नळी पुन्हा भिंतीला लावली, सिलिंडर उघडला आणि पाच मिनिटं पहिल्यापासून मोजली. मोजताना तिला रडू आवरलं नाही.

तीन आठवड्यांनी सासूबाई घरी आल्या. तिने सगळं खरं सांगून टाकलं.

"त्या मामांना रविवारी चहाला बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि दुधापाशी उभी राहा."

रविवारी ती गॅससमोर हात बांधून उभी राहिली. बेल वाजली. मामा आले म्हणून ती धावत दार उघडायला गेली, आणि दूध उतू गेलं.