एका दमात वाचलेला अर्ज

मालकानं माझा इंग्रजी अर्ज मोठ्यानं, एका दमात वाचला. मुद्दाम. मग छातीवर हात ठेवून धाप लागल्याचं नाटक केलं आणि शिपायाकडं पाणी मागितलं. म्हणाला, "बाई, तुमच्या वस्तीत पूर्णविराम मिळत न्हाई का?"

वस्ती म्हणजे आमची बौद्ध वस्ती. सगळ्यांना कळलं. नारायणगावजवळचं ते द्राक्षांचं पॅकहाऊस हसलं. बाहेर थांबलेल्या माझ्या टोळीतल्या बायकांनाही ऐकू गेलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. द्राक्षं परदेशी जायला लागली होती. पेट्या भरायला वीस बायका मी न्यायची, काम मात्र मुकादमाच्या नावावर. मला ते आमच्या नावावर हवं होतं. मालकानं अर्ज इंग्रजीत मागितला. बारावीच्या इंग्रजीवर चार दिवस खपून मी तो लिहिला. वाक्य संपलं की स्वल्पविराम, लगेच पुढचं वाक्य. दराची घासाघीस मी अशीच करायची. आपण थांबलो की समोरचा आकडा ठोकतो. कागदावरही तीच सवय उतरली.

हसून झाल्यावर मालकानं कारकुनाकडून नवा अर्ज लिहून घेतला.

"लिहिणं ऱ्हाऊ द्या. सही तेवढी करा."

मी वाचला. स्वच्छ इंग्रजी. त्यात मी मुकादमाच्या हाताखालची मजूर.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमचे पूर्णविराम बरोबर हायेत. मजकूर खोटा हाय. सही न्हाई."

माझा कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

बाहेर सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "सही केली असतीस तर चुली पेटल्या असत्या, पोरी." त्या हंगामात तिथं आम्हाला काम मिळालं नाही. सात जणी मुकादमाकडं परत गेल्या. मावशीही. मी त्यांना बोल लावला नाही.

मंचरच्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणलं. दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडायची नाहीत. मधे पूर्णविराम, नाहीतर अर्धविराम, नाहीतर स्वल्पविराम आणि सोबत जोडणारा शब्द. दोन संध्याकाळींत आलं. एवढ्याशावरून त्यानं आमची लायकी काढली होती.

आता माझ्या अर्जात चूक सापडत नाही. पण चूक नाही म्हणून मिळणारा मान मला नको. जिला नुसता अंगठाच उठवता येतो, तिचंही काम तिच्याच नावावर लागेल. हे ज्याला मान्य नाही, त्याच्या पायरीवर माझी एकही बाई चढणार नाही.