मिलिंदची विहीर

आज जे सांगायला बसले आहे ते माझ्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही. तो आधीच गेला होता. बरं झालं, असं कधी मनात येतं आणि त्या विचाराचीच भीती वाटते. बहिणीला सांगितलं नाही, सुनेला नाही. विहारात डोळे मिटून बसल्यावर स्वतःशीसुद्धा नाही. तेव्हा थोडी आडवळणानं आले तर रागावू नका.

मी इतिहासाची बाई. कामरगावात एका शाळेत उभी हयात गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात पॅसिफिक महासागराला जेमतेम चार ओळी, पण माझा तो तास संपता संपायचा नाही. निळ्या खडूनं फळाभर समुद्र काढायचा, त्यात पांढरे ठिपके म्हणजे बेटं, एका काठाला जपान, दुसऱ्या काठाला अमेरिका. कोरल समुद्रात दोन्हीकडच्या जहाजांनी एकमेकांना पाहिलंसुद्धा नाही, नुसती विमानंच लढून गेली. मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली, त्यातली तीन तर काही मिनिटांत पेटली. पोरं आ वासून ऐकायची. माघारी मला 'पॅसिफिकवाल्या बाई' म्हणायची, ते मला ठाऊक होतं आणि आवडायचंही. समुद्र मी कधी पाहिलेला नव्हता. समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या इंझोरीत जन्मलेल्या बाईनं कुठं पाहावा समुद्र?

त्याच पोरांत माझा मिलिंद बसायचा.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पोरगा नौदलात निवडला गेला. मी पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून धास्तावले. वर्गात जे सांगत नव्हते ते मला माहीत होतं ना. जहाजात पाणी शिरलं की बाकीचं जहाज वाचवायला लोखंडी दारं बंद करून घेतात — आत माणसं असली तरी. पाण्यावर तेल पेटतं, आणि बुडी मारलेला माणूस श्वास घ्यायला वर येतो तो आगीतच. हे सगळं वाचलेलं, आणि पोरांना मात्र खडूचे बाण दाखवलेले. मिलिंद एकुलता एक. नवरा नुकताच गेलेला. पण ही कारणं झाली, आणि कारणं द्यायला मी बसलेली नाही.

जायच्या आदल्या दुपारी मी त्याच्या बॅगेत चिवड्याचा डबा ठेवत होते. तो म्हणाला, "आई, लेयतेची लढाई सांग ना एकदा. तुह्या तोंडून आयकून जातो."

पॅसिफिकमधली ती सगळ्यांत मोठी आरमारी लढाई सांगितली. या वेळी बाण नाहीत, ठिपके नाहीत. दारं सांगितली, तेल सांगितलं. तो ऐकत राहिला, मग हसला. "मले नाई वाटत भेव. पोहनं तं तिथंच शिकवतेत."

मग मी —

इथंच नेहमी अडते.

मग मी म्हणाले, "तुले कधी सांगतलं नाई आमी. तू दोन वर्साचा होता, तवा आजोळच्या वावरातल्या विहिरीत पडला होता. श्वास बंद झाला होता तुहा. डाक्टर म्हने, या पोराले पान्यापासून जपा."

मिलिंद कधीच कुठल्या विहिरीत पडला नाही. त्या वावरात विहीर नव्हतीच, बोअर होती. आजोळी आता कुणी राहत नव्हतं, त्याचे बाबा नव्हते — खोटं पकडणारं कुणी नाही, हे मी बोलता बोलता ताडलं होतं. आयुष्यभर पोरांना 'पुरावा काय?' असं विचारणारी मी.

थोड्याच आठवड्यांत तो परत आला. तिथं उंच फळीवरून पोहण्याच्या तलावात उडी मारायची होती. फळीवर उभा राहिला की हातपाय गार पडायचे, सगळ्यांदेखत रांगत मागं यायचा. शेवटी प्रशिक्षण सोडलं. मला म्हणाला, "आई, मले ते विहीर दिसे खाली." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला काय वाटलं, विचाराल? सुटले, असं वाटलं. आनंद झाला.

आता बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्न झालं, सानू झाली. दोस्त अजून त्याला 'नेव्ही' म्हणून हाक मारतात, तोही हसतो. पण अडाण धरणाकडं जाणारी जीप असली तर हा उतरून घरी येतो. आणि ती विहीर — ती वाढत चाललीय. सानूला सांगताना त्यात शेवाळ येतं, वर गोल आभाळ येतं, कपारीतलं कबूतर फडफडतं. मी फक्त पडल्याचं सांगितलं होतं. शेवाळ माझं नाही. कबूतर माझं नाही. मग त्याला ते कुठून आठवतं? कधी कधी तर मलाही तो त्या पाण्यात दिसतो, दोन वर्षांचा, आणि मी काठावर नुसती उभी.

परवा जेवताना म्हणाला, "आई, एकडाव त्या विहिरीवर जाऊन येतो म्हन्तो. काठावर बसून पाह्यतो. भेव जाईन कदाचित."

खरं सांगायला याहून चांगली वेळ कोणती होती?

"कायले जातं? बुजवली ते, कवाचीच," मी म्हणाले.

सानूनं ताटातून मान वर केली. "आजी, मंग बाबाले बाहीर कोनं काढलं होतं?"

मिलिंदही माझ्याकडं पाहत होता. हे त्यानं मला कधी विचारलंच नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

तो ताटावरून उठला, हात धुतला, आणि येऊन माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत.