माझे माप राहिले आहे

मायक्रोमीटरसाठी मी हात पुढे केला. हातावर तेलकट चिंधी ठेवण्यात आली.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा तो शेवट. बंगळूरच्या आमच्या हायस्कुलाने शेवटच्या वर्गातील मुलांना एका यंत्रांच्या कारखान्यात नेले होते. इंजिनिअरिंग म्हणजे काय हे मुलांना कळावे, हा जाहीर हेतू. रीत अशी, की प्रत्येक मुलाने मायक्रोमीटरने पोलादाच्या एका कांडीची जाडी मोजायची, माप मोठ्याने सांगायचे, आणि इंजिनिअरसाहेबांनी ते वहीत त्याच्या नावापुढे लिहायचे. ज्याचे माप वहीत, त्याचीच पॉलिटेक्निकसाठी शिफारस.

माझी पाळी आली. साहेबांनी वडिलांचे काम विचारले. मी सांगितले, याच कारखान्यात लोखंडाचा कीस झाडतात.

"मग मोजून काय करणार, तम्मा? पुसायला तर घरीच शिकला असशील."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मुले हसली. मास्तरही हसले. साहेबांनी चिंधी मागवली. ती घेऊन आले माझेच वडील.

पुढच्या प्रत्येक मुलाने हाताळलेले उपकरण मी पुसले. वडील कानाशी म्हणाले, "स्वल्प सोस. संपेल." संपत नव्हते. बाराव्या मुलानंतर मी चिंधी टेबलावर ठेवली.

"माझं माप राहिलंय, सर."

साहेबांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून सांगितले, की उद्धटपणाची लेखी माफी दिलीस तर शिफारस मिळेल. मजकूरही त्यांनीच सांगितला. संध्याकाळी वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांची नोकरी त्याच कागदावर टांगलेली होती. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी माफी लिहिली नाही. लिहिले ते एवढेच: कोणत्या नियमान्वये मला मोजू दिले नाही, ते लेखी कळवावे.

माझ्या आयुष्यातील ते पहिले पत्र. उत्तर आले नाही. शिफारस झाली नाही. महिन्याभरात वडिलांना गेटबाहेर काढले. त्याचेही कारण लेखी नव्हते. ते माझ्यावर रागावले नाहीत. बोललेच नाहीत, शेवटपर्यंत.

मी कोर्टात नकलनवीस झालो. दुसऱ्यांच्या न्यायाच्या नकला आयुष्यभर उतरवल्या. शाळेची सहल त्याच कारखान्यात जात राहिली, आणि दर वर्षी सहलीआधी माझे रजिस्टर पत्र शाळेत पोहोचत राहिले: राज्यघटनेने समान संधी लिहून दिली आहे, ती तुमच्या वहीत कोणत्या पानावर आहे? पोचपावत्या येतात. उत्तर येईल, अशी आशा मी कधीच सोडली आहे.

एका नव्या हेडमास्तरांनी मात्र निरोप धाडला, "अण्णा, इतक्या वर्षांनी तुम्हाला हवं तरी काय?"

मी लेखी कळवले. रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत प्रत्येकाने मोजले, असे दाखवणाऱ्या वहीची सही-शिक्क्याची नक्कल हवी. ती मिळेपर्यंत पत्र जाईल. माफी जाणार नाही.