वरच्या पुडातले लाडू

घरी न्यायच्या जेवणावर टीप द्यायची, हे खूळ आपल्याकडे कधी शिरलं ते मला ठाऊक नाही. हॉटेलात बसून जेवलो, कुणी पाणी आणून दिलं, सांडलेलं ताक पुसलं, तर बडीशेपेच्या बशीत चार पैसे ठेवणं मी समजू शकते. पण इथे मी रस्त्यावर उभी, डबा माझा, पिशवी माझी, घरी जाऊन वाढणार मी आणि भांडी घासणारही मीच. खरं तर टीप मला मिळायला हवी. हे मी आमच्या पोळीभाजी केंद्राच्या मालकाला एकदा तोंडावर ऐकवलं होतं, आणि तेही चार गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात. मुद्दाम सांगतेय, कारण पुढे ते फार महागात पडलं. मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी.

शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात मनगटांनी संप पुकारला. पोळ्या लाटणं सुटलं, तेव्हापासून आमचं दुपारचं जेवण नारायण पेठेतल्या या केंद्रातून येतं. सकाळी दहाला रिकामा डबा द्यायचा, साडेबाराला भरलेला आणायचा. टाळेबंदीत गिऱ्हाइकांना आत घेणं बंद झालं आणि सगळा कारभार रस्त्याच्या कडेला आला. टाळेबंदी उठली, तरी मालकाने आम्हाला काही परत आत घेतलं नाही. आमच्या उभं राहायच्या जागेत त्याने आणखी दोन शेगड्या मांडल्या आणि दाराला पाटी लावली: 'गाडीतून उतरू नये. हॉर्न वाजवू नये. पार्सल आणून दिले जाईल.'

आणून देणार कोण, तर मावशी. पन्नाशीच्या असतील. खडकवासल्याच्या वाटेवरच्या गावातून बसने यायच्या. गाव महापालिकेत आलं, शेतावर इमारती उठल्या, पैसे दिरांनी घेतले आणि मावशींच्या वाट्याला हे काम आलं. आधी त्या आत पोळ्या लाटायच्या. खांदा धरला म्हणून मालकाने त्यांना बाहेर उन्हात उभं केलं. गाडीवाले काच चार बोटं खाली करायचे, पिशवी आत ओढायचे आणि दहाची नोट बाहेर सोडायचे. हातात द्यावी एवढंही नाही. नोट खाली पडली की मावशी तो दुखरा खांदा सांभाळत वाकायच्या. ते बघून माझं डोकं सणकायचं.

आणि मग मालकाने मावशींचा पगार कमी केला. कारण काय, तर बाहेर वरकमाई असते. मावशींनीच सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, डबा हातात देता देता. मी तरातरा दाराशी गेले. लोक खुशीने देतात त्यातून तुम्ही आपला खर्च वाचवता, जनाची नाही तर मनाची तरी लाज आहे का, असं विचारलं. तो लिंबं चिरत होता.

"बाई, आपण टीप देता का?" वर न बघता त्याने विचारलं.

"नाही देत."

"मग आपला संबंध कुठे येतो?"

मी डबा उचलून चालू लागले. घरी येऊन मात्र ठणकावून सांगितलं की आता तर टीप द्यायची नाही म्हणजे नाही. माझी दहाची नोट फिरून त्याच्याच गल्ल्यात जाणार असेल, तर मी कशाला त्याचं भलं करू? आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "तत्त्व तुझं, पोट त्यांचं." त्या दिवशी मी ह्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

पण ते वाक्य टोचत राहिलं, आणि त्यावर मी माझ्या परीने तोडगा काढला. आमच्या आईने उभ्या जन्मात कुणाचा डबा रिकामा परत पाठवला नाही. घरात काही नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. मी ठरवलं, आपणही दहाला डबा देताना तो रिकामा द्यायचा नाही. माझा डबा तीन पुडांचा. वरच्या पुडात कधी चिवडा घालायचा, कधी दोन गुळपोळ्या, कधी वडीचे चार तुकडे. मावशी आधी घेईनात. मग मी वर्गातला आवाज काढला, तेव्हा घेतलं. कागदात बांधून त्या ते आपल्या पिशवीत ठेवायच्या आणि डबा आत भरायला द्यायच्या. आठवड्याभराने माझ्या डब्याच्या कडीत कढीपत्त्याची जुडी अडकवलेली आली. परड्यातला हाय, म्हणाल्या. पुढे कधी शेवग्याची शेंग, कधी चार आवळे.

मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका. काचेतून नोट टाकणाऱ्यांकडे मी असं बघायचे, की बघा, माणसाला माणसासारखं वागवणं याला म्हणतात. ह्यांनाही दोन-तीनदा ऐकवलं.

दिवाळीच्या तोंडावर केंद्राने फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. दारातच टेबल मांडून त्यावर चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू. मीही घरी लाडू केले. बेसन ह्यांनी भाजलं, वळले मी, मनगटाला पट्टा बांधून. सहा लाडू वरच्या पुडात घातले आणि मावशींना सांगितलं, दोन तुमच्या नातवाला आणि बाकीचे तुम्ही खा, सगळं वाटून टाकू नका. त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला डबा घ्यायला मालक स्वतः बाहेर आला. मी विचारलं, मावशी कुठे? काढून टाकलं, म्हणाला. फराळाच्या टेबलावरचे सहा लाडू त्यांच्या पिशवीत सापडले होते.

मी म्हटलं, अहो, ते लाडू माझे, मी दिलेत ते त्यांना.

"त्याही तेच सांगत होत्या," तो म्हणाला. "बाई, आपण आजवर इथे कुणाला रुपया दिला नाहीत. वर चारचौघांत तसं सांगितलंत. आपण सहा लाडू दिलेत, हे मी कसं खरं मानायचं?"

म्हणजे मावशी खरं बोलल्या होत्या, माझं नाव घेऊन बोलल्या होत्या, आणि ते नाव ऐकून हा माणूस हसला होता. मला एक फोन करावा, एवढंही त्याला सुचलं नाही. दहाच्या नोटा टाकणाऱ्यांपैकी कुणाचं नाव मावशींनी घेतलं असतं, तर बहुधा त्याने मान डोलावली असती. डब्यावर माझं नाव कोरलेलं आहे. लाडवांवर कोण कोरणार?

मी सोडणार नव्हते. म्हटलं, माझ्या लाडवांत बेदाणा नसतो, ह्यांना चालत नाही. तुमच्या प्रत्येक लाडवावर बेदाणा आहे. आणा ते सहा लाडू इथे, आत्ता होऊन जाऊ दे.

"विकले," तो म्हणाला.

माझे लाडू ह्या गृहस्थाने टेबलावर ठेवून विकले होते. चोर कोण, हे मी त्याला भर रस्त्यात विचारलं. गाड्यांच्या काचा खाली झाल्या. तेव्हा कुठे तो वरमला आणि म्हणाला, बरं बरं, येऊ दे त्यांना उद्यापासून. जसं काही उपकारच करत होता.

आत पोळ्या लाटणाऱ्या बाईकडून मी मावशींचा पत्ता घेतला. दुपारी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. पिशवीत पुन्हा लाडू होते, दुसरं काय न्यायचं ते मला सुचलंच नाही. दोन खोल्या, मागे परडं, त्यात ते कढीपत्त्याचं झाड. मावशींनी चहा टाकला. मी हात जोडून माफी मागितली आणि सांगितलं की मालकाने कबूल केलंय, उद्या कामावर या.

"तितं न्हाई जायचं आता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. लाडवांची पुडी त्यांनी उघडली नाही, फडताळावरही ठेवली नाही. हळूच माझ्याकडे सरकवली.

जवळच्या एका कॉलेजच्या मेसमध्ये त्यांनी काम विचारलं होतं. पण ते लोक म्हणत होते, आधीचं का सुटलं ते सांगा. आणि गावातल्या दोघीजणी पेठेतच कामाला होत्या, त्यामुळे मावशी घरी पोचायच्या आत गल्लीला सगळं कळलं होतं. नातवाला शेजारच्या पोराने विचारलं होतं, तुझी आजी लाडू चोरती का.

मावशी आत गेल्या आणि नातवाच्या वहीतला एक कागद आणि पेन घेऊन आल्या. म्हणाल्या, बाई, तुमी शाळेतल्या. लाडू तुमी दिलते, असं लिवून द्या. म्येसवाल्यांना दाखवीन.

पस्तीस वर्षं मी पोरांना दाखले लिहून दिले. हा लिहिताना हात चालेना, आणि त्याला मनगटाचं कारण नव्हतं. सहा लाडू मी स्वखुशीने दिले होते, यांनी कुठलीही वस्तू चोरलेली नाही, एवढं लिहिलं. मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"लाडू ग्वाड असत्यात तुमचे," त्या म्हणाल्या. "पर बाई, धाच्या नोटंला कुनी चिठ्ठी मागत न्हाई."

मी खाली सही केली, आणि त्यांनी सांगितलं म्हणून सहीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.